उजेड कुणाच्या नावावर?

माझा थोरला भाऊ आयुष्यभर फोकस पुलर होता. म्हणजे कॅमेऱ्याला खेटून उभं राहायचं, नटापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवायचं आणि नट हलला की लेन्सवरचं चाक तेवढंच फिरवायचं. चुकलं तर अख्खं युनिट तुमच्याकडे बघतं, बरोबर आलं तर तुम्ही तिथे होतात हेही कुणाला कळत नाही. माझी मुलगी अंधेरीत कलरिस्ट आहे. शूटिंग आटपल्यावर काळोख्या खोलीत बसून ती पडद्यावरचे रंग आणि सावल्या ठरवते. एकाचं काम संपतं तिथे दुसरीचं सुरू होतं, त्यामुळे मामा-भाचीचं सहसा पटत नाही, आणि छायालेखक व्ही. के. मूर्तींचा विषय निघाला की मुळीच पटत नाही. २०२५ हे मूर्तींच्या दिग्दर्शकाचं, गुरुदत्तचं, जन्मशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने त्याच्या सिनेमांच्या नव्याने साफ केलेल्या प्रती थिएटरात लागल्या, दोघं जोडीने जाऊन आले, आणि नंतर कितीतरी रविवार आमच्या घरी तोच वाद चालला. त्यातलं मला जे मोलाचं वाटलं ते इथे देते आहे. एकमेकांच्या धंद्याला दोघांनी वाहिलेली लाखोली गाळली आहे.

भाची : ‘कागज के फूल’मधल्या ‘वक़्त ने किया’ गाण्यातला तो प्रकाशाचा झोत सगळे डोळे मिटून मूर्तींच्या नावावर टाकतात. पण मागितला कुणी? गुरुदत्तने. ओसाड स्टुडिओ, लांब लांब उभी दोन माणसं, त्यांच्या देहांतून निघून त्या उजेडात भेटणारे त्यांचेच आत्मे, हे सगळं दिग्दर्शकाचं. शब्द कैफी आझमींचे, चाल सचिनदेव बर्मनची, गळा गीता दत्तचा. मूर्तींच्या वाट्याला काय आलं? ‘वरून एक झोत पाहिजे’ एवढी मागणी. त्यांनी ती पुरी केली. हुशारी आहे, मान्य. पण सिनेमा काय हुशारीने उभा राहतो?

मामा : तू तो झोत कधी पाडून बघितलायस? तुझ्या मशीनवर कळ दाबली की येतो तसा नाही, खराखुरा. १९५९ साली स्टुडिओत मोठा दिवा म्हणजे आर्क. आणि दिव्याचा उजेड निघाला की पसरत जातो. तीस फुटांवर पोचेपर्यंत त्याच्या कडा विरघळलेल्या असतात. गुरुदत्तला हवा होता सरळ, कडा धरून उतरणारा. तसा फक्त उन्हाचा असतो, कारण सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. पण ऊन बाहेर, सेट आत. मूर्तींनी मोठे आरसे मागवले. एकाने बाहेरचं ऊन आत फेकायचं, दुसऱ्याने ते आत उंचावर झेलून खाली सोडायचं. मध्ये थोडा धूर, कारण हवेत काही तरंगत नसेल तर झोत दिसतच नाही, नुसता जमिनीवर डाग पडतो.

भाची : गोष्ट पाठ आहे मला.

मामा : गोष्ट पाठ आहे, काम ठाऊक नाही. थांब.

तो उठला, न्हाणीघरातला दाढीचा आरसा काढून आणला आणि गॅलरीच्या कठड्यावर डब्याला टेकवून ठेवला. ऊन पॅसेजमधून थेट भिंतीवरच्या कालनिर्णयवर आलं. मग देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून मध्ये धरली. धूर चढला तशी हवेत एक तिरकी पांढरी पट्टी उभी राहिली. पट्टीच्या बाहेरचा धूर दिसत नव्हता, आतला प्रत्येक वेटोळा वेगळा दिसत होता. माझी मुलगी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. मामा नेहमीप्रमाणे बोलत सुटला, आणि त्याचं बोलणं आटपेपर्यंत उजेड कालनिर्णयच्या तारखा सोडून बाजूच्या उघड्या भिंतीवर गेला होता.

मामा : बघ, गेला की नाही? सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. तीस फुटांवर एक अंश म्हणजे अर्धा फूट. तुझी रिहर्सल संपून टेक लागेपर्यंत झोत नटीच्या अंगावरून उतरलेला असणार. म्हणजे आरशांपाशी माणसं उभी करा, ती बोटभर बोटभर सावरत राहणार. ढग आला की सगळे गप्प बसणार. ऊन कलायच्या आत शॉट पदरात पडलाच पाहिजे. दिग्दर्शक ‘झोत’ म्हणाला, ठीक आहे. पण किती रुंद? कुठल्या कोनात? चेहऱ्यावर किती आणि जमिनीवर किती? बाकीचा स्टुडिओ किती बुडवायचा? ‘उदास उजेड दे’ म्हटल्यावर उदास उजेड म्हणजे काय, याचं उत्तर कुणीतरी दिव्यांत आणि आरशांत द्यायचं असतं.

भाची : बरं. मग माझा एकच प्रश्न. १० ऑक्टोबर १९६४ ला गुरुदत्त गेला. मूर्ती त्यानंतर पन्नास वर्षं जगले आणि त्यातली बरीच वर्षं काम करत होते. ‘लव्ह इन टोकियो’, ‘नया जमाना’, ‘जुगनू’. प्रमोद चक्रवर्तींचे सिनेमे. स्वच्छ, झगझगीत, धंदा करणारे. त्यातली एक फ्रेम मला दाखव आणि छातीवर हात ठेवून सांग की हा उजेड मूर्तींशिवाय दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. ‘प्यासा’ची कुठलीही फ्रेम काढ, सांगता येतं. मग फरक कशाने पडला? एक माणूस कमी झाला त्याने.

मामा : तू तबला ऐकतेस ना? अहमदजान थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळीत होते. बालगंधर्व गाणार, हे मागे ठेका धरणार. तेव्हा ते थिरकवाँ नव्हते? गाणारा बदलला की ठेका बदलतो. ख्यालाला जो लागतो तो लावणीला लागत नाही. ‘लव्ह इन टोकियो’ला मूर्तींनी ‘प्यासा’चा अंधार घातला असता तर तो अडाणीपणा झाला असता. परदेशातलं रंगीत लोकेशन, हसऱ्या चेहऱ्यांची गोष्ट, प्रेक्षक जपान बघायला पैसे देऊन आलाय. त्याला जपान लख्ख दिसलं पाहिजे.

भाची : थिरकवाँनी पुढे स्वतंत्र तबल्याच्या मैफली गाजवल्या, मामा. मूर्तींची मैफल कुठली?

मामा : कॅमेऱ्याला एकट्याची मैफल नसतेच.

भाची : मग झालं की. मूर्तींचा असा उजेड नाहीच. ज्याचं गाणं त्याचा उजेड. तू माझंच म्हणणं मला परत दिलंस.

माझ्या मते भाऊ या ठिकाणी हरला होता. पण हरलो म्हणणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. चहा झाल्यावर तो दुसऱ्याच दाराने आत आला.

मामा : आधी माणूस कोण होता ते बघ. म्हैसूरचा, १९२३ चा जन्म. व्हायोलिन वाजवणारा. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला. बंगलोरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९४६ ला सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा घेतला. आपल्याकडे तेव्हा कॅमेरा शिकायचा म्हणजे कुणाच्या तरी पेट्या उचलत शिकायचा. हा परीक्षा देऊन आला. मुंबईत येऊन पेट्याही उचलल्या, फली मिस्त्रींच्या हाताखाली. मग ‘बाजी’, १९५१. गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. कॅमेरामन व्ही. रात्रा, मूर्ती त्यांचे असिस्टंट. एका गाण्यासाठी मूर्तींनी आरशातल्या प्रतिबिंबाचा एक अवघड शॉट सुचवला, रात्रांच्या परवानगीने स्वतः घेतला, आणि तो बघून गुरुदत्तने ठरवलं की पुढचा सिनेमा याच्याबरोबर. असं सांगतात. पुढच्याच वर्षी ‘जाल’ आला, गोव्याकडच्या कोळीवस्तीची गोष्ट, कॅमेऱ्यावर व्ही. के. मूर्ती. आता सांग, ‘बाजी’च्या सेटवर कुणी कुणाला काय मागितलं होतं?

भाची : हं.

मामा : हं नाही. तिथे शॉट आधी आला, दोस्ती नंतर झाली. दुसरं. तुझ्या डोक्यात मूर्ती म्हणजे सावल्या. पण त्याच दोघांनी ‘आर पार’ केला, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ केला. खेळकर, उजळ सिनेमे. म्हणजे गुरुदत्तच्या संगतीतसुद्धा मूर्ती एकाच सुरात बसलेले नव्हते. सावलीचा शिक्का तुम्ही लोकांनी मागाहून मारला, कारण तुम्हाला पोस्टरवर ‘प्यासा’च छापायचा असतो.

भाची : हे बरोबर आहे. पण यातून मूर्तींचा हात कसा सिद्ध होतो? दोघांचा होतो.

मामा : ‘साहिब बीबी और गुलाम’. १९६२. दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वींचं. कोठ्यावरचं ‘साक़िया’ गाणं आठव. मिनू मुमताज उजेडात, आणि तिच्या मागच्या सगळ्या नाचणाऱ्या पोरी काळ्या सावल्या. हात हलतात, ओढण्या हलतात, चेहरा एकीचाही नाही. आता त्याची गोष्ट अशी सांगतात की त्या मागच्या पोरी गुरुदत्तला पसंत नव्हत्या. बदलायला वेळ नव्हता. मूर्ती म्हणाले, मी त्यांच्यावर दिवाच टाकत नाही. काम अडू नये म्हणून केलेली युक्ती. पण पडद्यावर काय झालं? गोष्टीतल्या जमीनदारांच्या हवेलीचा सगळा शौक एका बाईवर गोळा झाला आणि बाकीच्या बायका माणसं राहिल्याच नाहीत. पुस्तकं लिहिलीत लोकांनी त्याच्यावर.

भाची : म्हणजे अपघात.

मामा : अपघात कसा? दिवे बंद करणं सोपं असतं. पण नाचणाऱ्यांच्या अंगाची कड नेमकी सुटली पाहिजे, मागची भिंत एवढीच उजळ की त्या कापून दिसाव्यात, पुढच्या बाईवरचा उजेड मागे सांडता कामा नये, आणि ती गिरकी घेऊन मागे गेली तरी तिच्यावरून उतरता कामा नये. हे सगळं कटर लावून लावून करायचं असतं, वर तराफ्यावर बसलेल्या पोराला हाका मारत. मी बघितलंय तसलं लायटिंग करताना लोकांना. निम्मा दिवस जातो.

इथे मला एक सांगायचं आहे. तराफा म्हणजे स्टुडिओच्या छताला टांगलेला फळ्यांचा मचाण, त्यावर दिवे आणि दिवेवाले बसतात; कटर म्हणजे नको तिथला उजेड अडवायला दिव्यापुढे लावायची काळी पट्टी. भावाला सिनेमातलं सौंदर्य कळतं ते अशा फळ्या, कटर आणि टेप यांच्या वाटेने. मुलीला ते दिग्दर्शकाच्या मनाच्या वाटेने कळतं, कारण ती सिनेमा बघते तेव्हा सेट मोडलेला असतो. मला वाटतं वाद मूर्तींवर कमी आणि यावर जास्त आहे.

भाची : गुरुदत्तशिवायचा मूर्ती तुला दाखवता आलेला नाहीच अजून.

मामा : ‘तमस’. १९८८, दूरदर्शन. सुरुवातच आठव. कोंदट झोपडी, ओम पुरी आणि ते डुक्कर. मिणमिणता उजेड, घामाने चकाकणारी पाठ. पासष्टीला टेकलेला माणूस होता तो तेव्हा.

भाची : छान. पण ‘तमस’च्या कॅमेऱ्याला दोन नावं आहेत. मूर्ती आणि गोविंद निहलानी. निहलानी मूर्तींचेच असिस्टंट, त्याच बंगलोरच्या पॉलिटेक्निकचे. आपल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा कॅमेरा त्यांचा, ‘अंकुर’चा त्यांचा. ‘तमस’चे दिग्दर्शकही तेच. मग ती पाठ कुणी चकाकवली? बघ, तू जिथे बोट ठेवशील तिथे दुसरा माणूस उभा आहे. आणि निहलानींना कॅमेरा पुरला असता तर ‘आक्रोश’ दिग्दर्शित करायला ते गेले असते का?

मामा : सगळ्यांना कॅमेरा अपुरा पडतो असं नाही. मूर्तींना पुरला.

भाची : किंवा दुसरं काही मिळालं नाही.

मामा : त्यांना बक्षिसं मिळाली. ‘कागज के फूल’ आपटला. गुरुदत्त इतका खचला की दिग्दर्शक म्हणून पुन्हा त्याने स्वतःचं नाव लावलं नाही. आणि त्याच सिनेमाच्या छायालेखनाला फिल्मफेअर मिळालं. सिनेमा पडला, उजेड पास झाला. म्हणजे तेव्हाच्या लोकांना दोन गोष्टी वेगळ्या दिसल्याच होत्या. आणि तो भारतातला पहिला सिनेमास्कोप, हे विसरू नकोस. त्या लेन्समध्ये चित्र आडवं दाबून फिल्मवर येतं, थिएटरात पुन्हा ताणलं जातं. एवढ्या रुंद पडद्यावर एका माणसाचा चेहरा ठेवायचा म्हणजे दोन्ही बाजूंना रिकामं मैदान. त्या मैदानाचं काय करायचं हे शिकवायला इथे कुणी नव्हतं. मूर्तींनी ते मैदान अंधाराने भरलं आणि सिनेमा एकटा पडलेल्या माणसाचा झाला. शिवाय फोकस! त्या लेन्सना उजेड जास्त लागतो आणि फोकसला जागा कमी मिळते. ज्या पोराने ‘कागज के फूल’चा फोकस ओढला असेल त्याला माझा नमस्कार.

भाची : आता माझ्या खोलीत ये. आपण थिएटरात ‘प्यासा’ बघितला. शेवटाकडचा प्रसंग. सभागृहाच्या दारात नायक विजय दोन्ही हात चौकटीला लावून उभा, मागून उजेड, पुढून नुसती आकृती. तू मला कोपराने ढोसून म्हणालास, ‘मूर्ती!’ पण मूर्ती २०१४ मध्ये गेले. ती प्रत आत्ताची आहे. तो माणूस किती काळा ठेवायचा, चेहऱ्यावर डोळ्यांची चमक जेमतेम राहू द्यायची की पुसायची, हे माझ्यासारख्या कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं असणार. तू दाद कुणाला दिलीस?

मामा : निगेटिव्हमध्ये जे नाही ते तू आणू शकत नाहीस.

भाची : पण निगेटिव्हमध्ये असतं त्याच्यापेक्षा कमीच पडद्यावर येतं. काय ठेवायचं ते निवडावं लागतं. आणि हे आजचं नाही. तुमच्या काळात लॅबमध्ये ग्रेडर असायचा. शॉट किती गडद छापायचा ते त्याच्या हातात. मग प्रिंट गावोगाव जायची, कुठे प्रोजेक्टरच्या दिव्यातला कार्बन धड जळायचा, कुठे नाही. ‘प्यासा’ दादरला एक दिसला असेल आणि सांगलीला दुसरा. मूर्तींच्या मनातला नेमका काळा रंग किती लोकांनी बघितला असेल?

मामा : म्हणून तर कॅमेरामन लॅबमध्ये जाऊन ग्रेडरच्या बाजूला ठिय्या देऊन बसायचा. पहिली प्रिंट मनासारखी निघेपर्यंत घरी जायचा नाही. तुमच्याकडे येतो का कुणी?

भाची : येतात. ज्यांना कळकळ आहे ते येतात. पुष्कळदा त्या दिवसांचे पैसेही मिळत नाहीत त्यांना. शूटिंग संपलं की कॅमेरामनचा करार संपतो, आणि सिनेमाचा अर्धा चेहरा तर त्याच्यानंतर ठरतो. मी बघितलंय, निर्माता मागे बसून म्हणतो, ‘मॅडम, जरा ब्राइट करा, मोबाइलवर दिसलं पाहिजे.’ कॅमेरामन नसेल तर अडवणार कोण? मीच.

मामा : तू अडवतेस?

भाची : कधी कधी.

यावर भाऊ तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला, असं मला उगाच वाटलं असेल. पण आवाज खाली आला एवढं नक्की. मुलगी मात्र तयारीनिशी आली होती.

भाची : तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तू मांडलाच नाहीस, तो मीच देते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, सिनेमाचा कर्ता निर्माता असतो. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. आता गाणं लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला रॉयल्टीचा हक्क आहे, तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. कॅमेरामनला तसलं काही नाही. ‘वक़्त ने किया’ आज केलं, तर शब्दांचा हिस्सा, सुरांचा हिस्सा, आणि आरसे लावणाऱ्याला दिवसाचा मेहनताना.

मामा : आणि तू म्हणतेस की उजेड दिग्दर्शकाचा.

भाची : दिग्दर्शकालाही नाही देत कायदा. गुरुदत्तला मिळालं असतं ते निर्माता म्हणून.

मामा : पैशाचं सोड. १९६९ पासून फाळके पुरस्कार सुरू झाला. नट, दिग्दर्शक, गायक, संगीतकार, सगळ्यांना देऊन झाला. कॅमेरामनला पहिल्यांदा कधी? २००८ सालचा, तोही जाहीर झाला २०१० मध्ये. व्ही. के. मूर्ती तेव्हा सत्त्याऐंशीत चालत होते. आणि ज्यांच्या नावाचा पुरस्कार त्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा कुणी चालवला?

भाची : फाळक्यांनीच ना?

मामा : त्र्यंबक तेलंग. भारतातल्या पहिल्या कथापटाचा कॅमेरामन मराठी माणूस, आणि तू यात पदवी घेतलेली पोरगी.

भाची : एक मिळाला तुला. पण मग हिस्से पाडायचेच तर नीट पाडू. झोत मागितला म्हणून गुरुदत्तला किती? आरसा सुचला म्हणून मूर्तींना किती? आणि आरसा धरून उन्हात उभा राहिला त्या लाइटबॉयला?

मामा : त्याला आधी.

भाची : नाव काय त्याचं?

मामा : टायटलमध्ये कुठलं असायला. तेव्हा फोकस पुलरचंही यायचं नाही.

भाची : आता येतं ना?

मामा : येतं. अगदी शेवटी, लोक पार्किंगला पोचल्यावर.

भाची : कलरिस्टचं त्याच्याही नंतर.